रक्तस्रावी तापाचे निदान गोठ्यापासून सुरू व्हावे

भेंडीच्या शेतात शिरा पिवळ्या पडलेले पान दिसले, की अनुभवी शेतकरी ते पान आधी उलटे करून पाहतो. पानाच्या मागच्या बाजूस पांढरी माशी आढळली, तर रोगाचे निम्मे निदान बांधावरच होते. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. त्याला वाहून आणणारा जीव मात्र दिसतो. पिकांवरील विषाणुजन्य रोगांच्या बाबतीत कृषी विज्ञानाने हा धडा फार पूर्वी गिरवला. माणसांना होणाऱ्या विषाणुजन्य रक्तस्रावी तापांच्या बाबतीत तो अद्याप पुरेसा अंगवळणी पडलेला नाही. रुग्णाचा ताप मोजला जातो, रक्ताचे नमुने घेतले जातात, प्लेटलेटची संख्या पाहिली जाते. परंतु रुग्ण कोणते काम करतो, त्याच्या गोठ्यात गोचीड आहे काय, गेल्या दोन आठवड्यांत तो कोणत्या रानात गेला होता, हे प्रश्न अनेकदा विचारलेच जात नाहीत. या रोगांच्या निदानातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर हाती येणारा पुरावा त्यामुळे वाया जातो.

रक्तस्रावी ताप हे एका रोगाचे नाव नाही. वेगवेगळ्या कुळांतील विषाणूंमुळे होणाऱ्या, रक्तवाहिन्यांना इजा करणाऱ्या आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवणाऱ्या अनेक रोगांचा हा समूह आहे. डासांमुळे पसरणाऱ्या डेंग्यूचे तीव्र रूप याच समूहात मोडते. भारतीय शेतकऱ्याच्या आणि पशुपालकाच्या दृष्टीने मात्र या समूहातील दोन गोचीडजन्य रोग विशेष महत्त्वाचे आहेत: क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप, ज्याला महाराष्ट्रात ‘काँगो ताप’ म्हटले जाते, आणि क्यासनूर अरण्य रोग, ज्याला कोकण व गोव्यात ‘माकडताप’ म्हणतात. पहिल्याचा माग गोठ्यात लागतो, दुसऱ्याचा रानात. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय दोन्ही रोगांचे वेळेत निदान होणे कठीण आहे.

गोठ्यातून आलेला ताप

क्रायमियामध्ये १९४४ साली या तापाचे वर्णन प्रथम झाले. पुढे १९५६ मध्ये तत्कालीन बेल्जियन काँगोतील एका रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडला आणि १९६९ मध्ये दोन्ही ठिकाणचे विषाणू एकच असल्याचे स्पष्ट झाले. रोगाच्या जोडनावामागे हा इतिहास आहे. भारतात या रोगाचा पहिला निश्चित उद्रेक जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत नोंदला गेला. अहमदाबाद जिल्ह्यातील सानंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक महिला दगावली. तिच्या उपचारांत सहभागी असलेले डॉक्टर आणि परिचारिका यांनाही प्राण गमवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रोगाचे नाव निश्चित केले, तेव्हा त्या महिलेचा मृत्यू होऊन गेला होता. त्यानंतर शास्त्रज्ञांनी गावातील जनावरे आणि त्यांच्या अंगावरील गोचीड तपासले. जनावरांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली आणि ‘हायलोमा’ प्रजातीच्या गोचिडांत विषाणूचे अस्तित्व दिसून आले. म्हणजे पुरावा गावातच होता, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत होता. त्याच्याकडे पाहण्याची वेळ मात्र मृत्यूनंतर आली.

या रोगाची एक अडचण पशुपालकाने नीट समजून घेतली पाहिजे. संसर्ग झालेले गुरे-शेळ्या-मेंढ्या आजारी दिसत नाहीत. विषाणू त्यांच्या रक्तात साधारण आठवडाभर राहतो. त्या काळात दूध कमी होत नाही, चारा सुटत नाही, जनावर कण्हत नाही. लाळ्या-खुरकूत किंवा फऱ्या रोगाप्रमाणे गोठ्यातून धोक्याची सूचना मिळत नाही. पशुवैद्यकाला बोलावण्याचे कारणच उद्भवत नाही. गोचिडामध्ये मात्र हा विषाणू एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत आणि मादीकडून अंड्यांतही जातो. गोचीड हा अशा रीतीने वाहकही असतो आणि विषाणूचा दीर्घकाळचा साठाही. माणसाला संसर्ग होतो तो गोचीड चावल्यामुळे, जनावराच्या अंगावरून काढलेला गोचीड उघड्या बोटांनी चिरडल्यामुळे, किंवा कत्तलीच्या वेळी ताज्या रक्ताशी व मांसाशी संपर्क आल्यामुळे. रुग्णाच्या रक्तातून व शरीरस्रावांतून तो शुश्रूषा करणाऱ्यांपर्यंतही पोहोचतो. नीट शिजवलेले मांस आणि उकळलेले दूध यांपासून धोका नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अन्यथा सावधगिरीचे रूपांतर पशुपालकांवरील बहिष्कारात होण्यास वेळ लागत नाही.

रानातून आलेला ताप

माकडतापाची कथा वेगळी आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. माकडांचे मृत्यू पाहून आरंभी पीतज्वराची शंका घेण्यात आली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने तपास करून एक नवाच विषाणू शोधून काढला आणि ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या रानगोचिडाशी त्याचा संबंध जोडला. येथे निदानाचा पहिला दुवा रुग्णालयात मिळाला नव्हता; तो जंगलातील मेलेल्या माकडांत आणि पालापाचोळ्यातील गोचिडांत मिळाला होता.

अनेक दशके हा रोग कर्नाटकातील काही तालुक्यांपुरता मर्यादित मानला गेला. २०१२ नंतर तो बंडीपूर, निलगिरी, वायनाड अशा सह्याद्रीच्या दक्षिणेकडील भागांत आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, तर २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. काजूच्या बागांत काम करणारे, सरपण व पालापाचोळा गोळा करणारे, गुरे चारणारे लोक यांत प्रामुख्याने होते. या गोचिडाची पिल्लावस्था माणसाला चावते आणि तिचा सुकाळ साधारण नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. काजूचा हंगामही याच काळातला. म्हणजे रोगाचे दिनमान आणि शेतीकामाचे दिनमान एकमेकांवर तंतोतंत बसते. बागायतदाराला हंगाम तोंडपाठ असतो. आरोग्य यंत्रणेच्या तक्त्यातही त्याला जागा हवी.

गुरांची भूमिका येथेही आहे, परंतु ती वेगळ्या प्रकारची. माकडतापाचा विषाणू गुरांत फारसा वाढत नाही. प्रौढ गोचिडांना मात्र गुरांच्या रक्तावर पोसता येते, आणि रानात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडांची संख्या वाढते. म्हणून काँगो तापासाठी गोठ्याच्या भिंतीच्या फटी, गव्हाणीखालची जागा आणि जनावराचे अंग यांकडे लक्ष द्यावे लागते; माकडतापासाठी केवळ गोठ्यात फवारणी करून भागत नाही. गोचीड म्हणून गोचीड सारखाच, असे मानणे ही मावा आणि फुलकिडे यांच्यावर एकच उपाय सुचवण्यासारखी चूक आहे.

चाचणी कोणत्या दिवशी?

या रोगांची सुरुवातीची लक्षणे परिचयाचीच असतात: अचानक चढलेला ताप, कपाळ ठणकणे, कंबर व स्नायू मोडून येणे, डोळे लाल होणे, उलट्या. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस यांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. रक्तस्राव दिसू लागेपर्यंत वाट पाहिली, तर बहुमोल दिवस निघून जातात. अनेक रुग्णांत तर उघड रक्तस्राव होतच नाही. म्हणून केवळ लक्षणांवरून हे रोग वेगळे काढता येत नाहीत. ते वेगळे पडतात संपर्काच्या इतिहासावरून.

प्रयोगशाळेतील चाचणीलाही दिवसांचे गणित आहे. पहिल्या काही दिवसांत विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी पडते. प्रतिपिंडांची चाचणी साधारण पाचव्या दिवसानंतर अर्थपूर्ण ठरू लागते. आणखी एक बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: काँगो तापाने अत्यवस्थ झालेल्या, पुढे दगावणाऱ्या रुग्णांच्या शरीरात प्रतिपिंडे अनेकदा तयारच होत नाहीत. रोग जितका गंभीर, तितका प्रतिपिंडांचा अहवाल नकारात्मक येण्याचा संभव अधिक. असा अहवाल हाती आला म्हणून निश्चिंत होणे जिवावर बेतू शकते. कोणत्या दिवशी कोणता नमुना घ्यावा, हे ठरवण्यासाठी संसर्ग कधी झाला असेल याचा अंदाज लागतो. गोचीड चावल्यानंतर काँगो तापाची लक्षणे सामान्यतः एक ते तीन दिवसांत आणि फार तर नऊ दिवसांत दिसतात; रक्त वा मांसाच्या संपर्कानंतर पाच-सहा दिवसांत, फार तर तेरा दिवसांत. माकडतापात हा काळ साधारण तीन ते आठ दिवसांचा असतो. हे आकडे उपयोगी पडण्यासाठी ‘गोचीड कधी काढले?’ हा प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला असला पाहिजे.

तीव्रता: एका आकड्यावर विसंबू नये

निदानाइतकेच महत्त्व तीव्रतेच्या मूल्यमापनाला आहे. कोणता रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी ठेवता येईल आणि कोणाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे, हे त्यावर ठरते. दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या अभ्यासावरून स्वानेपोएल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये काँगो तापासाठी काही निकष मांडले. आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर १०,००० किंवा अधिक, प्लेटलेट २०,००० किंवा कमी, यकृताच्या विकरांपैकी एएसटी २०० आणि एएलटी १५० युनिट किंवा त्याहून अधिक, रक्त गोठण्याचा एपीटीटी हा काळ ६० सेकंद किंवा अधिक, फायब्रिनोजेन ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा कमी: यांपैकी काहीही आढळले तर मृत्यूचा धोका फार मोठा, असे त्यांना दिसले. पुढे तुर्कस्तानातील रुग्णांत यकृतविकरांच्या याहून बऱ्याच वरच्या पातळ्या धोक्याच्या ठरल्या. निकष उपयुक्त आहेत, पण ते एका प्रदेशातून उचलून दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे यावरून दिसते.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी नाही. आर्थिक नुकसानीची पातळी प्रत्येक पिकासाठी, किडीसाठी आणि प्रदेशासाठी वेगळी काढावी लागते. ती ठरवताना एका झाडावरची एक अळी पाहून फवारणीचा निर्णय होत नाही. शेतात ठिकठिकाणी झाडे निवडून मोजणी होते आणि काही दिवसांनी ती पुन्हा होते. संख्या किती आहे यापेक्षा ती वाढते आहे की घटते आहे, याला महत्त्व असते. रक्तस्रावी तापाच्या रुग्णाचेही तसेच आहे. ग्रामीण भागात प्लेटलेटच्या एका आकड्यावर कुटुंबाची सारी चिंता एकवटते. परंतु एकदाच मोजलेला आकडा फार थोडे सांगतो. दररोज मोजलेल्या प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, हिरड्यांतून वा शौचावाटे होणारा रक्तस्राव आणि रुग्णाची शुद्ध हे सारे मिळून चित्र पुरे होते. या विषाणुतापांत आरंभी पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात. काँगो तापात त्या पहिल्या दिवसांतच वाढलेल्या दिसणे हे सुचिन्ह नव्हे. वरील निकषांपैकी दोन तर साध्या रक्तगणनेतूनच कळतात. तालुक्याच्या प्रयोगशाळेला ते सहज जमते.

माकडतापात आणखी एक चकवा आहे. काही रुग्णांचा ताप उतरतो, ते कामाला लागतात आणि एक ते दोन आठवड्यांनी ताप परततो. या दुसऱ्या टप्प्यात तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, कंप, भ्रम अशी मेंदूशी निगडित लक्षणे दिसू शकतात. ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे धरून काजूच्या बागेत परतलेल्या मजुराची पुन्हा विचारपूस होणे म्हणूनच अगत्याचे आहे. या रोगात मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के मानले जाते. काँगो तापात ते उद्रेकानुसार दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. तुर्कस्तानात मात्र २००२ पासून दहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले जाऊनही हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास राहिले. सौम्य रुग्णही नोंदीत आले, हे त्यामागचे एक कारण. खेड्यापाड्यांतील डॉक्टरांपासून पशुपालकांपर्यंत सर्वांना हा रोग ओळखीचा झाला, हे दुसरे.

घबराटीचा आक्षेप

या भूमिकेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गांभीर्याने घ्यावा असाच आहे. हे रोग दुर्मीळ आहेत. गोठा असलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाकडे संशयाने पाहिले, तर प्रयोगशाळांवर भार पडेल, गावात घबराट पसरेल आणि दूध-मांसाचा व्यवसाय अडचणीत येईल. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या, तेव्हा करोनाच्या साथीने आधीच त्रस्त असलेल्या पशुपालकांना नव्या धास्तीला सामोरे जावे लागले होते.

तथापि येथे प्रश्न विचारणे आणि चाचणी करणे यांत फरक केला पाहिजे. प्रश्न प्रत्येकाला विचारावा. चाचणी उत्तरावरून ठरवावी. गोचीड चावल्याचा किंवा ते चिरडल्याचा, ताज्या रक्ताशी संपर्काचा, मेलेल्या माकडांच्या परिसरात गेल्याचा इतिहास आणि त्याच्या जोडीला ताप व घटत्या प्लेटलेट असतील, तरच नमुना पुढे जावा. प्रश्नाला खर्च नाही. तो न विचारण्याची किंमत मात्र २०११ मध्ये रुग्णाबरोबर शुश्रूषा करणाऱ्यांनाही मोजावी लागली. हातमोजे, मुखपट्टी आणि स्वतंत्र खोली हे उपाय अहवाल येईपर्यंत थांबून चालत नाहीत. ते संशयाच्या क्षणीच योजावे लागतात. संशय वेळेवर यावा, यासाठीच प्रश्न हवा.

कृषी यंत्रणेचा वाटा

या कामात कृषी संशोधन व विस्तार यंत्रणेने प्रेक्षकाची भूमिका घेऊ नये. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. कोणत्या गावात कोणत्या महिन्यात कोणते काम चालते, गुरे कोठे चरतात, गोचिडांचा उपद्रव केव्हा वाढतो, ही माहिती त्यांच्याकडे असते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नियमित पोहोचावी. जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याशी त्यांच्या लसीकरणाच्या नोंदी जोडल्या जातात. त्यांतच गोचिडांच्या प्रादुर्भावाची नोंद करण्याची सोय व्हावी. गोचीडनाशकांना दाद न देणारे गोचीड अनेक राज्यांत आढळले आहेत. एकच औषध वर्षानुवर्षे वापरत राहण्याऐवजी औषधांचा फेरपालट, गोठ्याच्या फटी बुजवणे आणि शेणकचऱ्याची विल्हेवाट यांची सांगड घालावी लागेल. वनविभागाला माकडाचा मृत्यू कळला, तर तो त्याच दिवशी आरोग्य व पशुसंवर्धन विभागांनाही कळावा. ‘एक आरोग्य’ या संकल्पनेसाठी नागपुरात राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. परंतु या संकल्पनेची खरी परीक्षा इमारतीत होणार नाही. ती तालुक्याच्या केसपेपरवर होईल.

त्या केसपेपरवर तापाच्या प्रत्येक रुग्णासाठी दोन ओळी छापलेल्या असाव्यात: ‘गेल्या चौदा दिवसांत जनावरांशी, गोचिडांशी वा ताज्या रक्ताशी संपर्क?’ आणि ‘गेल्या चौदा दिवसांत जंगल वा काजूबागेत जाणे झाले?’ पहिली ओळ गोठ्याची, दुसरी रानाची.

शेतकऱ्यांनी व पशुपालकांनी पाळावयाची पथ्येही साधी आहेत. जनावराच्या अंगावरचे गोचीड उघड्या बोटांनी काढू अथवा चिरडू नयेत. स्वतःच्या अंगाला चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. त्यावर रॉकेल ओतू नये वा चटका देऊ नये. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डेपासारखे गोचीडरोधक तेल मिळत असल्यास लावावे. घरी परतताच अंग तपासून कढत पाण्याने स्नान करावे. ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत आणि ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून कमरेत इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरू नये. रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडलेली असल्यास ते घातक ठरू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपला गोठा आणि आपले रान यांविषयी स्वतःहून सांगावे.

भेंडीचे पान उलटून पाहण्यास क्षणभरही लागत नाही, पण त्याने साऱ्या शेताचा निर्णय बदलतो. तापाच्या रुग्णाला विचारलेल्या दोन प्रश्नांनाही तेवढाच वेळ लागतो.